पडवीतले हिवाळी वाचन मंडळ

दिवाळीचा फराळ संपतो, खरिपाचे धान्य घरात येऊन पडते, पहाटे अंगावर दुसरी वाकळ ओढावीशी वाटते आणि मग आमच्या दाराशी मुलांची चौकशी सुरू होते. "काकू, मंडळ कधी बसायचं?" कोणी हे विचारायला येताना ओंजळभर चिंचोके घेऊन येतो, कोणी पेरूच्या झाडाखालची लाल पडलेली पाने. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा लागला, की मी पडवी सारवून घेते, दोन मोठी गोणपाटे अंथरते आणि मंडळ सुरू होते ते फेब्रुवारी संपेपर्यंत.

आमचे गाव कृष्णाकाठचे. निम्म्याहून जास्त शिवार उसाखाली; राहिलेल्यात शाळू, हरभरा आणि थोडा गहू. घर जुने आहे, पण पडवी पूर्वेला उघडी आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेआठला तिथे कोवळे ऊन येते ते दहापर्यंत हलत नाही. त्या उन्हात गेले पाच हिवाळे पाच ते नऊ वर्षांची मुले दर रविवारी बसतात, गोष्ट ऐकतात, वाचतात आणि हातांनी काहीतरी तयार करतात.

मी शिक्षिका नाही. बारावीपर्यंत शिकलेली शेतकऱ्याची बायको आहे. म्हणूनच हे लिहावेसे वाटले. जे मला जमले ते आपल्यापैकी कोणालाही जमेल, आणि माझ्या हातून जी चूक झाली ती इतरांना टाळता येईल.

थंडीच का?

पावसाळ्यात पडवीला ओल असते, पोरांचे पाय चिखलाने भरलेले असतात आणि मोठ्यांना भांगलणीतून सवड नसते. उन्हाळ्यात लग्नसराई, जत्रा आणि आजोळ. कार्तिक ते माघ या चार महिन्यांत मात्र मुले गावात असतात. दिवस लहान असतो, सहाच्या सुमारास अंधार पडू लागतो. शाळेतून आलेले मूल खेळायला जाते न जाते तोच घरात परत येते आणि जेवणाचे ताट वाढेपर्यंत मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. आईबाप शाळूच्या राखणीत नाही तर ऊसतोडीच्या गडबडीत. त्यांना तरी कसा दोष द्यावा?

दुसरे असे, की थंडीत शिवारात पाहण्यासारखे इतके असते, की विषय शोधत जावे लागत नाही. धुके, दव, हुरडा, गुऱ्हाळ, पाहुणे पक्षी, शेकोटी, संक्रांत. मुलाने सकाळी जे डोळ्यांनी पाहिले त्याचेच नाव पुस्तकात भेटले, की अक्षर त्याला परके वाटत नाही.

आणि वय लहानच का? पहिली ते तिसरी या वर्षांत मूल वाचायला शिकते. चौथीपासूनची पुस्तके मात्र मुलाला वाचता येते असे धरूनच लिहिलेली असतात. तोवर ज्याला वाचता आले नाही ते मूल पुढे गणितातही अडते, कारण त्याला उदाहरणच वाचता येत नाही. मग ते वर्गात गप्प बसू लागते आणि आपण म्हणतो, पोराचे डोके चालत नाही. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत, हे उद्दिष्ट ठेवूनच केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू केले. शाळा आपले काम करते. पण चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाच्या शेजारी बसून त्याचे वाचन ऐकायला गुरुजींना किती वेळ मिळणार? तेवढे तरी गावाने करावे.

पहिल्या वर्षीची चूक

पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने मंडळ काढले. हस्तकलेसाठी प्रत्येकाने काय आणायचे याची यादी करून दिली. रंगीत कागद, गोंदाची बाटली, छोटी कात्री, चकाकी. पन्नास-साठ रुपयांचे काम. पहिल्या रविवारी एकोणीस मुले आली. तिसऱ्या रविवारी अकरा राहिली.

मला वाटले, थंडी वाढली, मुले अंथरुणातून उठत नसतील. पण गोष्ट ऐकताना सर्वांत पुढे सरकून बसणारी एक सात वर्षांची मुलगीही दिसेनाशी झाली, तेव्हा चुकल्यासारखे वाटले. तिची आई आमच्याच भावकीतल्या रानात रोजाने जाते. पाण्याच्या नळावर ती मुलगी भेटली तेव्हा विचारले, "का गं, येत नाहीस?" ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाली, "आईला कागद आणायला वेळ न्हाई."

घरी येऊन मी ते सासूबाईंना सांगितले. त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वेळ न्हाई म्हंजी पैसं न्हाईत. एवढं कळंना व्हय तुला?"

त्या रात्री मी न आलेल्या आठ मुलांची नावे लिहून काढली. आठांपैकी सहा घरे रोजावर जाणारी होती. मुले कमी झाली एवढेच मी पाहिले होते. कोणती कमी झाली ते पाहिलेच नव्हते. ज्या मुलांच्या घरी एकही पुस्तक नाही, नेमक्या त्यांनाच माझ्या यादीने दाराबाहेर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. यादीचा विषय काढला नाही. तिला एवढेच म्हणाले, "रविवारी मला शाळूची चिपाडं लागणार आहेत. गंजीतली चांगली सरळ बघून तू आणशील का?" रविवारी ती तिच्या उंचीएवढी पेंढी डोक्यावर घेऊन सर्वांच्या आधी हजर होती. तेव्हापासून मंडळाचा नियम ठरला : दुकानातून काही आणायचे नाही. जे शिवारात सापडते तेच आणायचे. दोन कात्र्या, सुई-दोरा आणि पेन्सिलींचा डबा मंडळाचा, तो पडवीतच राहतो.

बोर्डीच्या अंगणातला धडा

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नव्हे. ती आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी करून पाहिलेली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा सारा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

परदेशी पद्धतीची बालशिक्षणाची साधने महाग होती, ती खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून या दोघींनी आसपास मिळणारे शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने मानली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. हे नाव पुढे देशभर गेले. जी मुले दिवसभर गुरे राखत त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन ज्यांना मिळेल त्यांनी अवश्य वाचावे. मूल आपल्यापर्यंत येत नसेल, तर मध्ये कोणती अडचण आहे ते आधी शोधायचे, मुलाला बोल लावायचा नाही, एवढे मी त्यातून घेतले.

बैठक कशी घ्यावी

आमची बैठक दीड तासाची असते. पंधरा मुलांपेक्षा जास्त घेऊ नयेत. त्याहून जास्त झाली तर शेजारणीने दुसऱ्या पडवीत वेगळे मंडळ काढावे.

पहिली वीस-पंचवीस मिनिटे गोष्ट मोठ्याने वाचावी. सांगू नये, वाचावी. पुस्तक मुलांकडे वळवून धरावे म्हणजे चित्रे दिसतात. ओळीखालून बोट फिरवावे, म्हणजे आवाज आणि अक्षर यांचे नाते मुलाच्या ध्यानात येते. मध्ये एखाद्या ठिकाणी थांबून "आता पुढं काय होईल?" असे विचारावे. उत्तर चुकले तरी हसू नये. मुले तीच गोष्ट पुन्हा मागतात, तेव्हा कंटाळा करू नये. तिसऱ्यांदा ऐकताना मूल पुढचा शब्द आधीच म्हणू लागते, आणि तिथूनच वाचन सुरू होते.

नंतरची पंधरा मिनिटे जोडीवाचन. एक मोठे आणि एक लहान मूल एका पुस्तकावर बसते. मोठ्याने एक ओळ वाचायची, लहान्याने तीच पुन्हा वाचायची. या वेळी आपण फक्त फिरत राहावे आणि ऐकावे.

मग पाऊण तास हातकाम. आणि शेवटी पाच मिनिटे नाव लिहिणे. आपण केलेल्या वस्तूचे नाव मुलाने कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचे व वस्तूला बांधायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याने शब्द तोंडाने सांगावा, आपण लिहावा आणि त्याने तो गिरवावा. ही पाच मिनिटे कधीही चुकवू नयेत. हातकामामुळे मूल येते. पण अक्षर त्याच्या पदरात पडते ते या चिठ्ठीमुळे.

याखेरीज बुधवारी दिवेलागणीला अर्धा तास नुसते वाचन असते. त्या दिवशी सासूबाई आणि शेजारच्या दोन आज्या येऊन बसतात. त्यांना वाचता येत नाही, पण जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. मुलांनी एक गोष्ट वाचायची आणि आज्यांनी एक ओवी म्हणायची, असा सौदा ठरला आहे.

पुस्तके कोठून आणावीत

सुरुवातीला दहा पुस्तके पुरतात. शाळेच्या कपाटात बालवाङ्मय असते. मुख्याध्यापकांना भेटून, नोंद करून, पंधरा दिवसांसाठी पाच-पाच पुस्तके मागावीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार अनुदान मिळणारी लहान ग्रंथालये अनेक खेड्यांत आहेत. आपल्या किंवा शेजारच्या गावात असे ग्रंथालय असेल तर तेथे मुलांची पुस्तके विचारावीत. पुष्कळदा ती मागायला कोणी येत नाही म्हणून पडून असतात.

पाठ्यपुस्तक मंडळाचे, म्हणजे बालभारतीचे, 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक ज्यांच्या घरी असतील त्यांनी रद्दीत न घालता मंडळाला द्यावेत. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालेतली चित्रांची पुस्तकेही मराठीत मिळतात. वाई-पांचगणीकडे जाणे झाले, तर भिलार गावी मुलांना जरूर न्यावे. स्ट्रॉबेरीच्या या गावात २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडून 'पुस्तकांचे गाव' उभे केले आहे. घर आणि पुस्तके एकत्र नांदू शकतात, हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसते.

पुस्तके लाकडी खोक्यात, जमिनीपासून वर ठेवावीत. तळाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, कसर लागत नाही. पुस्तक फाटले तर रागावू नये. खळीने चिकटवायला त्याच मुलाला बसवावे. खळ घरीच करावी. दोन चमचे गव्हाचे पीठ कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळावे. थंडीत ती दोन-तीन दिवस टिकते. पूर्वी खळीत मोरचूद घालीत. मुलांच्या हाताची खळ असेल तर तो मुळीच घालू नये, तो विषारी आहे.

चार महिन्यांचा बेत

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही दव आणि धुके घेतो. रात्री जमीन थंड होते, हवेतली वाफ पानांवर थेंब होऊन बसते ते दव. तेच बारीक थेंब जमिनीलगतच्या हवेत तरंगत राहिले तर धुके. हे सांगण्याआधी मुलांना हरभऱ्याच्या बांधावर नेतो. रात्री पिकावर फडके पसरून ठेवले, की सकाळी ते आंबेने ओले होते. त्याचे आंबट बोट चाटले, की 'आंब' हा शब्द कोणी विसरत नाही. हातकामाला पानांचे ठसे. गेरू पाण्यात कालवून त्यात थोडा बाभळीचा डिंक घालावा आणि पानाच्या शिरांच्या बाजूला लावून रद्दीच्या कोऱ्या पाठीवर दाबावे.

डिसेंबरात पाहुणे पक्षी. शेपटी सारखी वरखाली हलवीत ओढ्याकाठी चालणारा धोबी पक्षी हिवाळ्यातच आपल्याकडे येतो. शाळूवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या दूर मध्य आशियातून येतात. शेतकऱ्याला त्यांचा राग येतो, पण त्या टोळ आणि किडेही खातात, हे मुलांना सांगावे. उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी दिसतात, तसा डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंसही दिसतो. तो हिमालय ओलांडून येतो. मुले चिंध्यांचा आणि कापसाचा पक्षी करतात आणि कोणी कोणता पक्षी कुठे पाहिला ते एका वहीत लिहितात.

त्यानंतर चिपाडे. शाळूच्या चिपाडाची वरची साल सोलून कामट्या करायच्या, आतले मऊ भेंड कापून ठोकळे करायचे आणि कामट्या भेंडात खोचून बैलगाडी, चष्मा, खुर्ची, पवनचक्की करायची. हे शिकवायला मी आमच्या मामंजींना बसवते. मुले एरवी त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत, पण त्या रविवारी त्यांच्या मांडीवर चढून बसतात.

२४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. ते १८९९ साली कोकणात पालगडला जन्मले आणि 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिवस येतो. त्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१ सालचा. या दोन दिवसांच्या मधल्या रविवारी प्रत्येक मूल आपल्या आईला एक चिठ्ठी लिहिते. ज्या आईला वाचता येत नाही तिला मुलाने ती वाचून दाखवायची. एका आईने ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवलेली मी पाहिली आहे.

जानेवारीत संक्रांत. वर्तमानपत्राच्या पुड्या करून त्यांवर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहायचे आणि त्यात तिळगूळ बांधून द्यायचा. पतंग रद्दीचा, कामट्या चिपाडाच्या नव्हे तर बांबूच्या. दोरा साधा सुती. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. त्याने पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे कापले गेले आहेत.

फेब्रुवारीत सारी पाने एकत्र शिवून प्रत्येकाचे स्वतःचे पुस्तक होते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, मुले आपापल्या पुस्तकातले एक पान गावासमोर वाचतात. तेवढाच आमचा समारंभ. हारतुरे नसतात, भाषण नसते.

सांभाळायच्या गोष्टी

शिवारातले सारेच मुलांच्या हाती देण्याजोगे नसते. गुंजा दिसायला सुंदर, पण त्या फार विषारी आहेत. चावून पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो. धोतरा आणि एरंडाच्या बियाही तशाच. या तीन बिया हातकामात घेऊच नयेत. त्यांऐवजी चिंचोके, सीताफळाच्या नव्हे तर भोपळ्याच्या बिया घ्याव्यात. सीताफळाच्या बीचा हात डोळ्याला लागला तर डोळे सुजतात. पाच वर्षांखालचे भावंड सोबत असेल तर बारीक बिया त्याच्यापासून लांब ठेवाव्यात, मूल त्या नाकात घालते.

औषध फवारलेल्या रानातली पाने-फुले आणू नयेत. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे तर कितीही धुतले तरी वापरू नयेत. चिपाडाच्या सालीला धार असते; ती सोलायचे काम मोठ्यांनीच करावे. उसाच्या पाचटाला कूस असते, ते मऊ झालेले, झटकलेलेच द्यावे. आणि शेकोटी केली तर मुले हातभर नव्हे, चांगली दोन पावले लांब बसवावीत. हल्लीचे स्वेटर आणि ओढण्या ठिणगी पडताच पेटतात आणि अंगाला चिकटतात. पाण्याची बादली भरून जवळ ठेवल्याशिवाय आम्ही काडी ओढत नाही.

कोपीतली मुलगी

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. ऊसतोडीची टोळी बीडकडून आली आणि गावाबाहेर त्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या रविवारी पडवीच्या कडेला एक आठ वर्षांची मुलगी कडेवर लहान भाऊ घेऊन उभी राहिलेली दिसली. बस म्हटले की मागे सरायची, पण जायची नाही. मी संध्याकाळी तिच्या आईला भेटले. ती वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती. म्हणाली, "ताई, ती आली तर बारक्याला कोण बघंल? आम्ही पहाटंपासून फडात."

"बारक्यालाही घेऊन येऊ द्या," मी म्हटले.

तशी ती दोघे येऊ लागली. बारक्या गोणपाटावर चिंध्यांची पाखरे घेऊन बसायचा. मुलगी कागदोपत्री दुसरीत होती, पण दर वर्षी अर्धे वर्ष फडात जाई, त्यामुळे चार-पाच अक्षरांपलीकडे तिला ओळख नव्हती. पहिल्या वर्षी यादीमुळे गळालेली आमची चिपाडेवाली आता चौथीत गेली होती. तिने आपण होऊन या मुलीला जोडीला घेतले.

एका रविवारी विषय होता घर. पाखरांच्या घरट्यांचे पुस्तक वाचले आणि ज्याने त्याने आपले घर करायचे ठरले. आमच्या मुलांनी चिपाडांचे माडीचे बंगले मांडले. या मुलीने तुऱ्याच्या दांड्या वाकवल्या, वर पाचट नीट रचले, पाचटाच्याच दोरीने आवळले आणि दहा मिनिटांत हुबेहूब कोपी उभी केली. सारी मुले तिच्याभोवती जमली. पाऊस आला तर गळते का? साप येतो का? चूल आत की बाहेर? दोन महिने तोंड न उघडलेली ती मुलगी प्रत्येकाला उत्तर देत होती. चिठ्ठीची वेळ आली तेव्हा तिने शब्द सांगितला, "कोपी." मी लिहिला. तिने तो गिरवला, मग माझी चिठ्ठी उलटी ठेवून न पाहता पुन्हा लिहिला. पुढच्या रविवारी तिने आपणहून कोयता, मोळी आणि वाढं हे शब्द मागून घेतले.

तिला शाळेत घालण्यात अडचण आली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मूल वर्षाच्या मध्ये आले किंवा त्याच्याजवळ दाखला नाही, एवढ्यावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ज्यांच्या गावी तोडणीच्या टोळ्या येतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि मुलांच्या आईबापांना सांगावे. त्यांना कोणी सांगत नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती भावाला घेऊन धावत आली. "काकू, मुकादम म्हनला पहाटं निघायचं. दुसऱ्या गावाला." तिचे पुस्तक शिवायचे राहिलेच होते. सगळ्यांची मी २७ तारखेला देणार म्हणून गठ्ठ्यात बांधून ठेवली होती. गठ्ठा सोडला, तिची पाने शोधली, आणि दिव्याखाली बसून शिवू लागले. सासूबाईंनी दोघांना भाकरी वाढली. शिवून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "वाच की गं, मला बी ऐकू दे."

तिने ओळीखाली बोट धरले. पान चार ओळींचे होते, तिचेच शब्द, मी लिहून दिलेले आणि तिने उतरवलेले. घर कसे बांधायचे ते त्यात होते. ती अडखळली, पण कोणी पुढचा शब्द सांगितला नाही, तिनेही मागितला नाही. चार ओळी वाचून तिने पुस्तक मिटले, झग्याच्या पुढ्यात धरले आणि भावाला कडेवर घेऊन ती अंधारात गेली.

पुढच्या हंगामात दुसरीच टोळी आली. ती मुलगी आज कोठे आहे ते मला ठाऊक नाही. तिची कोपी मात्र पुस्तकांच्या खोक्यावर ठेवली आहे. चिठ्ठीही तशीच आहे.

तेव्हापासून मंडळाचा दुसरा नियम झाला. पुस्तक शेवटी शिवायचे नाही. पहिल्या रविवारी पहिले पान झाले, की त्याच दिवशी त्याला टाका घालायचा आणि मुलाच्या हाती द्यायचे. पुढच्या रविवारी पुढचे पान जोडायचे. ज्या मुलाला मध्येच जावे लागेल त्याच्या हाती निदान तोवरचे पुस्तक असावे.

या वर्षी दिवाळीचे आवरून झाले, की आपणही पडवीत किंवा ओसरीवर एक गोणपाट अंथरावे. दहा पुस्तके मागून आणावीत. मुलांना सांगताना एवढेच म्हणावे, की येताना काही विकत आणू नका. आणि गावाबाहेर कोप्या पडल्या असतील, तर तिकडेही एक फेरी मारून यावे.